गॅलरीतला बल्ब

१४ जुलै, सोमवार
प्लेअर चार्ज झाला. विश्वास बसेना. दीड वर्ष कपाटात स्नेहलच्या स्वेटरखाली पडून होता. आज सौ. देवळात अभिषेकाला गेल्यावर काढला आणि चार्जरला लावला. बराच वेळ काही नाही. मग काळ्या पडद्यावर बॅटरीचं लाल चित्र आलं. घरात एकटाच, तरी ‘आली, आली’ असं मोठ्यांदा ओरडलो.
दहावीला चांगले मार्क पडले म्हणून घेतलेला. पोरगी मोबाईल मागत होती, सौ.नं साफ नकार दिला. मग मी तोड काढली, गाणी ऐकायचा प्लेअर. फोन लागत नाही, पण वायफायवर बाकी सगळं चालतं. हे दुसरं वाक्य सौ.ला सांगितलं नव्हतं.
स्ने.नं त्यावर गाणी कमीच ऐकली. धडे मोठ्यानं वाचून त्यात रेकॉर्ड करायची, मग कानात घालून अंगणात फेऱ्या मारत परत ऐकायची. अशाच एका धड्याच्या मध्ये मी चहा घेऊन खोलीत घुसलो होतो. ओरडली, “अण्णा, गप बसा की! रेकॉर्डिंग चालू हाय!” ते तसंच राहिलं. पुसलं नाही तिनं. मलाच ऐकवून हसायची.
मला तेवढंच ऐकायचं आहे. बाकी धडा गेला खड्ड्यात.

१५ जुलै
यादी सापडली. केमिस्ट्री, बायो, फिजिक्स, पुढं आकडे. माझा चहा फिजिक्स ३ मध्ये आहे, नक्की. पण प्रत्येक नावापुढं ढगाचं चित्र, आणि बोट लावलं की ‘इंटरनेटला जोडा’.
साखर कारखान्याच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी कुंभार बसतात. पाहुण्यांचा प्लेअर आहे असं सांगून त्यांना विचारलं. म्हणाले, “जागा कमी पडली की आवाज वर पाठवून देतंय ते. नावं तेवढी खाली राहत्यात. वायफाय द्या, उतरतील सगळी.”
म्हणजे हातचा मळ.
सौ.ला सांगितलेलं नाही. ती म्हणेल, ‘तिनं सोडलं, तुमी धरून बसलाय.’ गेल्या वर्षी माघात दीक्षा झाल्यापासून तिचं हेच एक वाक्य. आणि खोटं नाही ते. आमची एकुलती एक आता आर्यिका माताजी आहे. पांढरी साडी, हातात मोरपिसांची पिच्छी, गावोगाव पायी. मी तिला वाकून वंदामि म्हणतो, ती मला श्रावकजी म्हणते. जसं सगळ्यांना म्हणते तसंच. अभिमान वाटतो, खरंच वाटतो. पण अण्णा म्हणणारं आता जगात कोणी उरलं नाही.

१७ जुलै
जेवणं सूर्यास्ताच्या आत. मग स्ने.च्या खोलीत जाऊन बसलो. सौ.ला सांगितलं, जुने पेपर चाळतोय.
वायफायच्या यादीत शेजाऱ्यांचं नाव दिसतं, आमचं नाही. वायफायचा डबा वर गॅलरीत, छताला लागून. वर गेलो. अंधार होता म्हणून बटण दाबून बल्ब लावला. डबा व्यवस्थित, हिरवे दिवे लुकलुकतायत. थोडा वेळ उभा राहून बघितलं, बल्ब बंद करून खाली आलो, तर यादीत आमचं नाव! बोट लावलं. गोल फिरला, फिरला. ‘जोडता आले नाही.’ परत बघतो तर नावच गायब.
माझ्या फोनवर सगळं चालू होतं. म्हणजे खोट प्लेअरमध्येच.

१९ जुलै
नेटवाल्याच्या ऑफिसात फोन केला. एक पोरगी मधाळ आवाजात म्हणाली, “सर, एकदा बंद करून चालू करा.” तीस वर्षं कारखान्यात दुसरं काय केलं मी?
मग म्हणाली, प्लेअरमध्ये ‘हे नेटवर्क विसरा’ असं बटण आहे, ते दाबा आणि नव्यानं जोडा. शोधलं. तिथं त्यानं जुनी सगळी नावं धरून ठेवलीत. सांगलीचं हॉस्टेल. तिच्या मैत्रिणीचं घर. कुठलं तरी वाचनालय. उंब्रजला माझी बहीण असते, तिच्या घरचंसुद्धा. सुट्टीत जायची तेव्हाचं. बोट फिरवत किती वेळ बसलो कुणास ठाऊक. फक्त आमचं विसरायला लावलं, बाकीची राहू दिली.
उपयोग शून्य.

२० जुलै, रवि.
सांगलीपलीकडं माताजींचा चातुर्मास, तिथं दोघं जाऊन आलो. एसटीत आष्ट्यापर्यंत उभं राहून. प्रवचन चांगलं झालं. बोलताना अजून डावी भुवई वर जाते, लहानपणी खोटं बोलताना जायची तशी. आता खोटं बोलत नाही, तरी जाते.
सकाळी माताजी आहाराला, म्हणजे दिवसाच्या एकाच जेवणाला, निघाल्या तेव्हा दुसऱ्या एका चौक्यात थांबल्या. आम्ही चौका, म्हणजे त्यांच्यासाठी शुद्ध स्वैपाक, लावलाच नव्हता, तरी वाईट वाटलं.
सौ.नं आणखी नियम घेतले. पहिले आहेतच: पालेभाजी नाही, सूर्यास्तानंतर पाणी नाही, वगैरे. नवे काय घेतले विचारलं नाही. विचारलं तर मलाही घ्यायला लावते.

२२ जुलै
परत नाही. वर गेलो, बल्ब लावला, डबा चालू. खाली आलो, नाव आलं, गेलं. माझ्याशी लपाछपी चाललीय.
कराडला कामानं गेलो होतो तेव्हा मोबाईलच्या दुकानात दाखवला. त्यानं उलटासुलटा करून बघितला. “काका, ह्याचं वय झालंय. फेकून द्या. नवीन घ्या की.”
रुमालात गुंडाळून परत खिशात घातला.

२४ जुलै
अंगात ताप, घरीच राहिलो. दुपारी सौ. पिठाच्या गिरणीत गेली. सहज प्लेअर हातात घेतला. यादीत आमचं नाव होतं, वायफायचा पासवर्ड घातला आणि जोडला गेला! लगेच! वर कोपऱ्यात पंख्यासारखं चिन्ह, भरलेलं.
फिजिक्स ३ वर बोट लावलं. ‘सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही.’ परत लावलं. तेच. सौ.च्या चपला वाजल्या, उशीखाली सरकवला.

२५ जुलै
कुंभार म्हणाले, तारीख बघा. बघितली. बॅटरी पार उतरली होती तेव्हा तारीख मागं गेलेली. प्लेअरच्या हिशेबानं स्ने.चा अजून जन्म व्हायचा होता. आजची तारीख घातली. त्यासाठी एकेक वर्ष पुढं सरकवावं लागतं. तिची शाळेची वर्षं गेली, कॉलेज गेलं, दीक्षेचं वर्षही बोटाखालून गेलं.
मग संध्याकाळी वायफाय बघितलं, तर नाव नाही.
दिवसा येतं, संध्याकाळी जातं. कुंभार म्हणतात, “संध्याकाळी सगळं गाव नेट वापरतंय, लोड येतो.” गाव वापरतंय तर शेजाऱ्याचं कसं दिसतं?

२९ जुलै
सापडलं. लिहायलाही लाज वाटते.
दुपारी लॅबमधून नेटवाल्याला फोन लावला, जरा आवाज चढवूनच. तो म्हणाला, “काका, तुमचं कनेक्शन रोज दिवस मावळताना तुमच्याच घरातून बंद होतंय. सकाळी परत चालू. घरात बघा.” मी म्हणालो, आमच्या घरात काय भूत आहे का?
संध्याकाळी दबकत वर गेलो. गॅलरीच्या बटणावर हात ठेवून सौ. उभी.
“काय करतेस?”
“काय करतोय म्हंजे? बल्ब बंद करतोय. पावसाळ्याचं किडं येत्यात आवं. सकाळी झाडायला गेलं की नुसती पंखं. पाल बसलेली असती टपून. चातुर्मास लागला तवाच माताजींनी नियम दिलाय, सूर्य बुडल्यावर गरजेबिगर दिवा न्हाई.”
डबा ज्यानं बसवला त्याला गॅलरीत पिन लावायला जागा सापडेना. म्हणून त्यानं बल्बच्या होल्डरवरच जोड काढून तिथं खोचला. बल्ब चालू तर डबा चालू. हे मीच चालवून घेतलं होतं आणि मीच सौ.ला बजावलं होतं, हे बटण कधी बंद करायचं नाही. नऊ वॅटचा बल्ब, जळू दे. पुढं मी विसरलो. आणि तपासायला वर आलो की अंधार म्हणून आधी बल्बच लावायचो, जाताना बंद करायचो. माझा फोन मोबाईलच्या नेटवर चालत राहायचा, म्हणून शंकाही आली नाही. काखेत कळसा न् गावाला वळसा.
“अगं, त्यानं वायफाय जातंय.”
“म्हाईत हाय की. सकाळी देवळातनं आलं की लावतोय परत. रात्री कुणाला लागतंय? तुमी तर जुनं पेपर चाळत बसताय.”
मग सांगावं लागलं. सगळं. प्लेअर, ढग, फिजिक्स ३, चहा. मला वाटलं आता ते वाक्य येणार. नाही आलं.
मग म्हणाली, “मग बल्ब काढा की. डब्याला कशाला उपास?”
बल्ब काढला. डब्याच्या हिरव्या दिव्यांवर तिनं जखमेला लावायची पट्टी चिकटवली, किड्यांना दिसू नये म्हणून. पंधरा दिवस मी डोकं फोडतोय आणि हिनं एका वाक्यात. रागही आला, हसूही.
मुलीनंच दिलेला नियम मुलीचा आवाज अडवून बसला होता. हे सौ.ला बोललो नाही. तिच्याही लक्षात आलंच असेल.

३० जुलै
नेट आलं, टिकलं. सौ. दारात उभी, आत यायला तयार नाही.
फिजिक्स ३. ढगावर बोट. गोल फिरला. मग पांढरा चौकोन: ‘पासवर्ड टाका.’
तिची जन्मतारीख. नाही. आमच्या घराचं नाव. नाही. कॉलेजचा नंबर. नाही. मग लाल अक्षरात सूचना, फार वेळा चुकला तर खातं बंद होईल. पासवर्ड विसरला म्हटलं तर नवा तिच्या फोन नंबरवर पाठवतो म्हणतो. कॉलेजात गेल्यावर घेतलेला तो नंबर तिनं दीक्षेआधी स्वतः बंद केला. मीच गेलो होतो दुकानात तिच्याबरोबर.
पासवर्ड एकाच माणसाला माहीत. ते माणूस चाळीस किलोमीटरवर आहे, आणि नाहीही.
सौ. दारातून: “इचारायचं न्हाई हं. तिनं सोडलंय.”
आलं शेवटी ते वाक्य.

३ ऑगस्ट, रवि.
विचारलं.
प्रवचनानंतर लोक शंका विचारतात. कर्माबद्दल, उपवासाबद्दल. एकानं विचारलं, साखरेत दोष असतो का, तर सगळे माझ्याकडंच बघायला लागले. मग मी उभा राहिलो. मनात घोळवलेलं सुरेख वाक्य ऐन वेळी पळून गेलं आणि तोंडातून निघालं, “माताजी, त्या जुन्या प्लेअरचा पासवर्ड काय होता?”
सगळा मंडप हसला. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. माताजी हसल्या नाहीत. मांडीवरची पिच्छी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाल्या, “जे सोडलं त्याची किल्ली जवळ ठेवून कसं चालेल, श्रावकजी?”
आवाज तोच. अगदी तोच. त्यातला एकच शब्द मला पाहिजे होता, त्याच्या जागी दुसरा आला.
मी ‘होय’ म्हणून खाली बसलो.
परतताना गाडीत सौ. खिडकीकडं तोंड करून. आष्टा आल्यावर म्हणाली, “इचारलंसा ते इचारलंसा. सगळ्यांम्होरं कशाला?”
“एकट्यानं बोलता येत नाही म्हणून.” बापाला सुद्धा नाही, असाच नियम आहे, आणि बरोबरच आहे.

६ ऑगस्ट
प्लेअर उघडला, बंद केला. चौकोन तसाच. काही टाकलं नाही.
आज कळलं मला की मला तिला परत आणायचं नाही. कुणी सांगितलं ‘आणतो’, तर मीच नको म्हणेन. मला फक्त ती कंटाळून माझ्यावर ओरडलेली पाहिजे. जिच्या पाया पडतो तिनं एकदा ओरडावं, हे कुणाला सांगणार.

१० ऑगस्ट, रवि.
चौका लावला. माताजींचा संघ उतरलाय त्या धर्मशाळेत एक खोली मिळाली, सौ.नं पहाटे उठून विहिरीचं पाणी गाळलं, स्वैपाक केला. मी पांढरं धोतर, उपरणं, हातात नारळ ठेवलेला कलश. दारात उभे.
मनात काय धरून माताजी आहाराला निघतात ते कुणाला सांगत नाहीत. दारात काय दिसलं तर थांबायचं, ते आधी ठरवलेलं. ते जुळलं नाही तर सख्ख्या आईच्या दारावरूनही पुढं जातात. गेल्या वर्षी दोनदा गेल्या. त्या दिवशी सौ. रिकामी भांडी घासत बसली होती, आधीच स्वच्छ असलेली.
आज आल्या. मान खाली, हातात कमंडलू. आम्ही म्हणू लागलो, “वंदामि माताजी, वंदामि, अत्र अत्र, तिष्ठ तिष्ठ.” सौ.चा आवाज फुटेना, माझा जरा जास्तच मोठा फुटला. पुढं निघाल्या असं वाटलं आणि थांबल्या.
थांबल्या!
आहारात बोलत नाहीत. पाटावर बसून ओंजळीतच घ्यायचं. सौ. घास देत होती, मी पाणी. उजव्या तळव्यावर विळीची खूण अजून आहे, दुसरीत असताना लागलेली. मी तिला तेव्हा कडेवर घेऊन दवाखान्यात पळालो होतो. त्या खुणेवर पाणी ओतलं. थोडं सांडलं.
आहार झाल्यावर हात धुतले, मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “श्रावकजी, नियम घ्याल?”
“घेतो.”
“त्या प्लेअरला चातुर्मास संपेपर्यंत हात लावायचा नाही.”
हात जोडले. दुसरं करणार काय?
रस्ताभर विचार केला. हा नियम प्लेअर सुटावा म्हणून दिला की मी नुसतं थांबावं म्हणून? चातुर्मास संपल्यावर काय? दिवाळीनंतर संघ कर्नाटकात उतरणार म्हणतात, मग तर दर्शनही कठीण. काहीच उलगडत नाही.
पण त्या ‘प्लेअर’ म्हणाल्या. यंत्र नाही, वस्तू नाही. प्लेअर.

१२ ऑगस्ट
प्लेअर खिडकीत आहे. त्या बाजूला बघत नाही. बघतो, पण हात लावत नाही.
बॅटरी उतरत असेल. उतरली की तारीख परत मागं जाईल. जाऊ दे.
आजवर एकही नियम महिनाभर टिकला नाही माझा. चहासुद्धा सुटला नाही. हा कसा पाळणार, या काळजीत आहे. मोडला तर कुणाचा मोडेन, माताजींचा की स्ने.चा?

१४ ऑगस्ट
संध्याकाळी बघतो तर प्लेअर चार्जिंगला.
“कुणी लावला?”
सौ. लसूण-कांद्याशिवाय आमटीला चव कशी आणायची या गहन विचारात. मान वर न करता: “नियम तुमाला हाय. मला कुठं हाय?”

१६ ऑगस्ट
जेवणं झाली, गॅलरी अंधारात. मी पेपर (खरोखरचे) घेऊन बाहेरच्या खोलीत. आतून हाक आली.
“आवं, तिच्या त्या पयल्या सायकलीचं नाव काय ठेवलं हुतं तिनं?”
“बिजली.”
“मराठीत लिवायचं का इंग्रजीत?”
“इंग्रजीत टाक. पहिलं अक्षर मोठं.”
टक, टक. बराच वेळ. काचेवर बोट लावण्याचा एवढा आवाज येतो हे माहीत नव्हतं.
“न्हाई लागला.”
“मग दुसरं—”
“न्हाई. रोज एकच. खातं बंद पडलं म्हंजे?”
आणि प्लेअर बंद केल्याचा आवाज. बाहेर आली, माझ्यासमोर बसली. म्हणाली, बिजलीवरून पडली होती तेव्हा रडली नव्हती, चेन निघाली म्हणून रडली होती. मी म्हणालो, चेन मी बसवली. ती म्हणाली, तुमी न्हाई, शेजारच्या आप्पांनी. यावर वाद झाला. खूप दिवसांनी झाला.

१९ ऑगस्ट
काल उंब्रजच्या आत्याचं नाव. नाही. आज तिला पहिलीत आवडलेल्या बाईंचं. नाही.
मी प्लेअरला हात लावलेला नाही. शिवलेलोसुद्धा नाही. नियम शाबूत आहे.
दिवसभर लॅबमध्ये साखरेचे नमुने तपासता तपासता उद्याचं आठवत असतो. आज कुंभार म्हणाले, “पाहुण्यांचा प्लेअर झाला का चालू?” म्हणालो, होईल.
एक कुत्र्याचं पिल्लू तिनं कोळशाच्या पोत्यामागं लपवून ठेवलं होतं, आम्हाला कळू न देता. त्याला नाव ठेवलं होतं. सौ. म्हणते, तिला काही केल्या आठवत नाही.
मला आठवतंय. उद्या हाक मारेल तेव्हा सांगेन.